हाकेला कोण आलं

नव्वदच्या दशकात मी सिल्वासाजवळच्या खडोलीत एका कारखान्यात कामाला होतो. एकदा बोटात तारेचं टोक घुसलं. सुपरवायझर शेजारीच होता. हाका मारल्या, पण त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. चार दिवसांनी बोटात पू झाला तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही खानदेशी लोक हातच धूत नाही."

सिल्वासाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, "जखमेतल्या पेशी प्रथिनं सोडतात. ती हाकच असते. तिचा माग काढत पांढऱ्या पेशी येतात, जंतूंशी लढून मरतात. पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेतं."

म्हणजे माझ्या हाकेला तेवढ्याच आल्या होत्या!

पुढच्याच महिन्यात मशीनवर त्या सुपरवायझरचा तळहात चिरला. माझंच नाव घेऊन ओरडत होता. मी ऐकलं. आधी नळावर गेलो आणि साबण लावून, नखं घासून, सावकाश हात धुतले.