आटलेल्या वाफेला दूध

नैवाशा तळ्याच्या ह्या अंगाला लेतोयाइतका गोड खोटं बोलणारा ड्रायव्हर दुसरा नाही. हे कौतुकच समजा. उघड्या टपाची त्याची जुनी गाडी रोज पाहुणे घेऊन पार्कात शिरते. बिबट्या दिसला नाही, की हा म्हणणार, आत्ताच गेला, ते बघा गवत अजून हलतंय. घळीतला गरम झरा मलूल असला, की म्हणणार, सकाळी यायला हवं होतं तुम्ही. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून नव्हे हो, समोरच्याचा पडलेला चेहरा त्याला बघवत नाही. वाईट बातमी सांगायची वेळ आली, की ह्या ताडमाड गड्याची जीभ टाळूला चिकटते. बाप गेला तेव्हाही आईला सांगायला त्यानं थोरल्या बहिणीलाच पुढं केलं होतं.

अशा माणसाला त्याच्या आईनं ह्या पावसात निरोप धाडला, की करडी गाय व्याली, आता मला आपल्या वाफेपाशी घेऊन चल. निरोप ऐकला आणि लेतोया पुसलेलीच गाडी पुन्हा पुसायला लागला.

त्याची आई नालोतुएशा, घरात सगळ्यांची येयो, म्हणजे आईच. तिच्या ऐन तारुण्यात मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा पार्क नव्हतं, फाटक नव्हतं, तिकीट नव्हतं, आणि लाल कड्याखाली आपल्या माणसांची वस्ती होती. नदीनाले आटले, गुरं मेली, आणि अंगावर पिणारा लेतोया तापानं फणफणला. येयोच्या छातीत दूध उरलं नव्हतं. कड्याखाली जमिनीच्या एका भोकातून रात्रंदिवस वाफ निघायची. तिच्यावर लेलेश्वाच्या झुडपाच्या फांद्या रचायच्या आणि खाली कातडं पसरायचं, मग थेंब थेंब करून सकाळपर्यंत वाळक्या भोपळ्याचा तुंबा भरेल एवढं पाणी जमायचं. त्या पाण्यावर पोर जगलं. पोर हाताला लागल्यावर येयोनं वाफेला शब्द दिला, की माझ्या गोठ्यात दूध आलं की पहिलं तुझं.

पण गुरं पुन्हा उभी राहीपर्यंत वस्ती लांब हलली होती. मग पार्क झालं आणि गुरांना मज्जाव आला. मग लेकरं, आजारपणं, नवऱ्याचं मरण. आयुष्य असंच जातं, कोणी मुद्दाम थोडंच विसरतं? येयो तर विसरलीही नव्हती. लेतोया घरी आला, की जेवण वाढता वाढता ती हटकून विचारायची, “आपली वाफ श्वास घेते ना रे?”

“घेते की येयो. जोरात.”

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. वाफ काही वर्षांमागंच बंद झाली होती. कोणी म्हणालं भूकंपाचा हादरा बसला, कोणी म्हणालं जमिनीची मर्जी. लेतोया रोज त्या कड्याखालून जायचा आणि तेवढ्यापुरती मान दुसरीकडं वळवायचा. आईला सांगू सांगू म्हणता सांगणं राहिलं, आणि दरवेळच्या “जोरात”नं ते आणखी अवघड होऊन बसलं. आता म्हातारीच्या डोळ्यांपुढं धुकं आलेलं. ह्या खेपेला शब्द पुरा झाला नाही, तर पुढची खेप कुठली?

ठरल्या सकाळी येयो ठेवणीतले सगळे मणी घालून गाडीत बसली. मांडीवर दुधाचा तुंबा होता. दूध टिकावं म्हणून रानऑलिव्हची पेटती काठी आतून फिरवून तो तिनं रात्रीच धुरावला होता, आणि त्याच्या तोंडात हिरव्या गवताचा बोळा खोचला होता. लेतोयानं प्लास्टिकची बाटली पुढं केली, सांडायचं नाही म्हणून, तर येयोनं त्याला असं काही सुनावलं की त्यानं ती गुपचूप सीटखाली सरकवली. फाटकावरचा किप्तू एरवी फार कडक गडी, पण म्हातारीला बघून त्यानं टोपी काढली आणि डोकं वाकवलं. येयोनं त्यावर हात ठेवला आणि विचारलं, “आमच्या गुरांना हाकललंस ते तूच का रे?” किप्तू म्हणाला, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, आजी. मग राहू दे, म्हणाली ती.

रस्ताभर येयो विचारत होती आणि लेतोया सांगत होता. डावीकडं झेब्रे आहेत, पुढं जिराफ बाभळीचा शेंडा खुडतोय, रानडुकरीण पोरांना घेऊन पळतेय शेपटी ताठ करून. ती नाक वर करून हुंगत होती. इथं आम्ही वासरं चारायचो म्हणाली, इथं तुझ्या बापानं मला पहिल्यांदा शीळ घातली होती. लेतोयानं कधी ऐकलं नव्हतं ते. म्हातारी खुदकन हसली आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्यानं बेत पक्का केला होता. लाल कड्याच्या अलीकडच्या वळणावर दुसरी एक वाफ होती, चांगली जिवंत. तिथं त्यानं गाडी थांबवली, आईला हाताला धरून उतरवलं आणि म्हणाला, आलो बघ.

येयो उभी राहिली. वाफेचा गरम झोत तिच्या तोंडावर आला. तिनं तुंब्याच्या गवताला हात घातला आणि तसाच थांबवला.

“ही आपली नव्हे.”

“आपलीच आहे, येयो. आता जोर वाढलाय तिचा.”

“लेतोया, मी रात्र रात्र तिच्या कुशीत बसलेय तुला मांडीवर घेऊन. ही ओरडतेय. आपली कधी ओरडली नाही.”

लेतोयाला थाप सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच सुचेना. डोळे भरून आले, आणि एवढा मोठा बाप्या आईपुढं मान खाली घालून बोलला, “येयो, आपली वाफ मेली. कधीच मेली. मला सांगवलं नाही.”

येयोनं तुंब्याचा बोळा पुन्हा घट्ट दाबला. मग म्हणाली, “मेली की आटली?”

“काय फरक आहे?”

“गाय आटली तर तिला चारायचं बंद करतोस का तू? गाडी काढ.”

लाल कड्याखाली ती भोकापाशी खाली बसली. आत हात घातला. दगड गार होते. बोटांना कोळ्याचं जाळं लागलं. आपण उठलो आणि हा राहायला आला, बरं झालं, म्हणाली. लेतोया हलकेच म्हणाला, की येयो, इथं दूध घालून आता काही परत यायचं नाही.

“मी मागायला थोडीच आलेय? मागून झालं, मिळूनही झालं. ते काय, माझ्या शेजारी उभं आहे.”

तिनं गवताचा बोळा दुधात बुडवून दगडांवर शिंपडला. भोकाला आशीर्वाद दिले, कोळ्याला दिले, मेलेल्या गुरांना नावानिशी आठवलं. मग तुंबा लेतोयाच्या हातात दिला आणि म्हणाली, जीव तुझा वाचला, आता तू ओत. त्यानं ओतलं. तळाशी घोटभर उरलं ते तिनं त्यालाच प्यायला लावलं, धुराचा वास असलेलं कोमट दूध. मग तोंडाचं बोळकं दाखवत म्हणाली, “आणि पुन्हा मला खोटं सांगशील तर ह्याच तुंब्यानं टाळकं फोडीन.”

परत येताना ती गाडीतच झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत. रस्त्यात रानम्हशींचा कळप आडवा आला. हॉर्न न वाजवता लेतोया तो जाईपर्यंत थांबला.

दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे होते. लाल कड्याखाली आल्यावर लेतोयानं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. पाहुण्यांनी कॅमेरे सरसावले आणि इकडंतिकडं बघितलं. एका बाईनं विचारलं, इथं काय बघायचं?

लेतोयाच्या जिभेवर आलंच होतं, आत्ताच गेला म्हणून. ते त्यानं गिळलं.

“बघायला काही नाही,” तो म्हणाला. “इथं पूर्वी वाफ होती. तिच्यावर मी जगलो.”