पावटा उतरेपर्यंत

संताजीअण्णांना पेन्शन चांगली आहे, खाणारं तोंड एकच. तरी हा माणूस चार ठिकाणी दर विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. दोन रुपये कमी म्हणून शहराच्या या टोकाच्या बनशंकरीहून थेट त्या टोकाचं मल्लेश्वरम गाठेल. महागाई वाढली म्हणून आपण स्वतःला लुबाडू द्यायचं नाही, हा हट्ट.

दर थंडीत त्यांची थोरली बहीण, सकवारअक्का, होसकोटेहून पावट्याची उसळ खायला येते. भिजवलेले दाणे सोलत दोघं दुपारभर गप्पा मारतात. यंदा पावटा भडकला होता.

"अक्का, स्वल्प थांब, उतरेल," अण्णा रोज म्हणायचे.

"सरी, थांबू या," म्हणायची अक्का. आठवडाभर कोबी खाऊन ती परत गेली.

संक्रांतीनंतर दर निम्म्यावर आला. अण्णा पिशवी भरून, फोन करून होसकोटेला निघाले. दारातच उसळीचा वास आला.

अक्कानं ताट पुढे केलं. "महागच मिळाला रे तेव्हा. पण तुझी ओढाताण बघून आले ना, म्हटलं हा कुठून खाणार. एकटीनंच सोलून फ्रीजरमध्ये ठेवला."

अण्णांनी पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली.