उरलेल्या डोळ्यासाठी पटाशी

पटाशी आणायला डोणगावहून संग्रामपूरपर्यंत कुणी जातं का, असं मला गावात दहा जणांनी विचारलं. जातं. मी गेले. आता ज्यांच्या घरी सुतारकाम आहे, किंवा ज्याला रानावनात कमरेला लावायला एक धड हत्यार पाहिजे, त्यांच्यासाठी लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षराला नावं ठेवू नका, रस्ता बरोबर सांगितला की नाही तेवढं पाहा.

आमचे घरधनी सुतार. तिफण, वखर, बैलगाडीचं चाक, जे म्हणाल ते करतात. संक्रांतीनंतर बाभळीच्या लाकडात भोक पाडताना त्यांच्या पटाशीचं टोक तुटलं आणि उडून डाव्या डोळ्यात गेलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, "डावा गेला. उजवा सांभाळा." बस, एवढंच. सांभाळा म्हणजे कसं सांभाळा ते नाही सांगितलं. माणूस सुतार आहे, डोळा काय पेटीत ठेवून काम करणार?

पेरणी जवळ आली तशा लोकांच्या तिफणी अंगणात येऊन पडल्या. हे म्हणाले, बाजारातून दुसरी पटाशी आणतो. मी विचारलं, कशी आणता?

"कडक. वरून कानस घसरली पाह्यजे."

"मागची बी घसरतच होती."

"ते त्या लोहाराचं पाप."

मी मान खाली घातली. ते का, ते पुढं सांगते. मी एवढंच म्हणाले, "या वेळेस मी पारखून आनते."

"तू? हत्यार बाईनं पारखत नसते."

आमच्यात तसंच आहे. दसऱ्याला बाई हत्याराला कुंकू लावते. एरवी हात लावत नाही, ओलांडत नाही. वाटेत रंधा पडला असेल तर बाहेरून माणूस बोलावून उचलायला लावते. पंचवीस वर्षं मी हे पाळलं. डोळा वाचला का? नाही. मग चालले मी.

संग्रामपूरच का, तर माझ्या चुलत बहिणीचा नवरा तिकडचा. त्याच्या कमरेला बारा वर्षं एकच सुरी आहे. पुढून पटाशीसारखी चौकोनी, एका अंगानं सुरीची धार. दोर कापतो, साल सोलतो, वरून लाकडी थापी मारून खाचही पाडतो. दोन हत्यारांचे पैसे नसतील तर असं एक घ्यावं. डोंगराच्या पायथ्याला पुंजाजी म्हणून म्हातारा लोहार आहे, त्यानं केलेली.

पहाटेच्या एसटीनं मेहकर. तिथून खामगावची गाडी. सोबत भाकरी, ठेचा, कमरेच्या चंचीत सोळा रुपये, आणि फडक्यात त्या तुटलेल्या पटाशीचा राहिलेला तुकडा. गाडीत खिडकीची जागा घेऊ नका. मी घेतली. घाटात चाक कडेला गेलं की खाली नुसती झाडांची टोकं दिसतात. मी डोळे मिटले. शेजारी पागोटंवाला बाबा होता.

"बाई, डोये मिटून काऊन बसली? घाट पाह्य, चांगला हाय."

"तुमी पाहा. मी ऐकून राह्यली."

"काय ऐकते व?"

"ब्रेक."

तो हसला, गाडीतले चारजण हसले. मला हसू येईना. घाट एकदाचा संपला, पण पोटातलं भ्या खाली उतरलं नाही. मग समजलं, हे घाटाचं नाहीच.

खामगावात लोखंडाची दुकानं भरपूर आहेत. संग्रामपूरपर्यंत जायचा कंटाळा असेल तर इथंच घ्यावं वाटेल. मलाही वाटलं. एका दुकानात गेले, तर दुकानदार विळ्यांकडे हात करतो.

"विळा पाह्यजे का मावशी? खुरपं?"

"पटाशी."

"मंग घरधन्याले धाडा ना."

"त्यायचा एक डोया गेला हाय. माह्ये दोन हायेत. दाखव."

मग गुमान दाखवली. चकाचक. तीन रुपये. म्हणे खाऱ्या पाण्यात विझवलेली आहे, दगड फोडते. मी त्याची कानस मागितली आणि धारेवरून ओढली. कानस बर्फावरून घसरावी तशी घसरली.  अगदी तीच पटाशी, जशी आमच्या घरी होती. ठेवली आणि बाहेर आले. मागून तो म्हणाला, "पाहा बॉ, परीक्षा घ्याले आली होती!" म्हणू दे.

दुपारच्या आत संग्रामपूरची गाडी मिळते. शेगाव सोडलं, पूर्णा ओलांडली की सगळी सपाट काळी जमीन. इथल्या विहिरी खाऱ्या. चहा घेतला दहा पैशांचा, तोही खारट लागला. घरून पाणी न्या.

संग्रामपूरला उतरून दोन कोस चालायचं. मी एकटी. मोहाचे दिवस होते आणि मोह खायला अस्वल येतं हे मला गाडीतच दोघांनी सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. पळसाच्या झुडपात एका ठिकाणी खसफस झाली. मी दोन दगड उचलले, एकमेकांवर आपटत, मोठ्यानं शिव्या देत चालले. अस्वलाला, रस्त्याला, दुकानदाराला, ह्यांनाही. झुडपात काय होतं ते आजही माहीत नाही. दिवसाउजेडी जा, आणि सोबत घेऊन जा.

पुंजाजीबाबाची भट्टी कडुनिंबाखाली. तो चिमटा धरतो, घण मारते त्याची बायको यमुनाबाई. साठीची असेल, पण घण असा पडतो की जमीन हलते. घण ठेवला की तीच भाता ओढते. हत्याराला बाईनं हात लावू नये हे तिला कुणी सांगितलेलं दिसलं नाही.

मी फडकं सोडून तुटका तुकडा पुढं ठेवला. बाबानं तुटलेली बाजू उजेडाकडे केली.

"पाह्य. साखरेवानी दाने दिसतात का?"

"दिसतात."

"लोखंड जास्त तापवलं. पानी पाजलं. अन् मंग कडकपना उतरवलाच नाई. घाई केली कोनीतरी." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कोनाले लागलं?"

"घरच्यायले. डोया गेला."

"कोन लोहार होता?"

"होता एक," मी म्हणाले. आणि फडकं झटकलं.

त्यानं मोटारीच्या कमानीचा जुना पाटा काढला. म्हणे हेच पोलाद घ्यावं, स्वस्त आहे आणि मार खाऊन तयार झालेलं आहे. छन्नीनं तोडला, तापवला, यमुनाबाईनं घण चालवला. वीतभर पातं, दीड अंगठा रुंद, पुढं चौकोनी, एका अंगानं धार. पातं मुठीत शेवटपर्यंत जाईल एवढी लांब शेपटी ठेवली. हे नीट पाहून घ्या. अर्ध्यावर संपलेली शेपटी ठोके मारताना हलते. मग पातं लाल करून मडक्यातल्या जवसाच्या तेलात बुडवलं. धूर झाला, वास सुटला.

"पान्यात नाई घालत?"

"इथल्या खाऱ्या पान्यानं पोलाद चिडते. तेलानं दमानं घेते."

बाहेर काढल्यावर त्यानं कानस ओढली. घसरली. मी मागं सरकले.

"आता हे काचेवानी हाय," तो म्हणाला. "असंच घरी नेलं तं उरलेला डोया बी जाईन. अजून अर्धं काम बाकी हाय."

त्यानं पातं दगडावर घासून उजळवलं. एक लोखंडी ठोकळा तापत ठेवला. त्यावर पात्याची पाठ टेकवायची, ऊब हळूहळू धारेकडे येते आणि पोलादावर रंग चढतो. पण ठोकळा तापवायलाच केवढा वेळ! त्यात तो म्हणे, ऊन पात्यावर येते, उन्हात रंग कळत नाही, सावली सरकू दे. चारची शेवटची गाडी. दोन कोस चालायचं. मी एकदा उठले, एकदा बसले. परत उठले. आणि तोंडातून निघालंच.

"आटपा ना बाबा! गाडी जाते माही!"

बाबानं हात थांबवला. चिमट्यात धरलेलं पातं माझ्यापुढं केलं.

"घे. ने असंच. गाडी भेटन."

भाताही थांबला. यमुनाबाई म्हणाली, "गाडी उद्या बी येते, बाई."

'आटपा, गाडी जाते.' हेच शब्द. मागच्या पटाशीच्या वेळी मेहकरच्या बाजारात मी हेच बोलले होते, याच तोऱ्यात. ह्यांनी मला बाजारात फक्त लोहाराकडून पटाशी घेऊन यायला सांगितलं होतं, पैसे देऊन, फडक्यात गुंडाळून, हात न लावता. लोहार म्हणाला होता, थांबा बाई, अजून एकदा तापवायची आहे. आणि मी त्याच्या डोक्यावर उभी राहून म्हणाले होते, आटप ना बे, गाडी जाते. त्यानं तशीच दिली. चौथ्या दिवशी ती तुटली. गाडी मात्र मला मिळाली होती.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांना तर नाहीच. ते अजून त्या लोहाराला शिव्या देतात आणि मी ऐकून घेते.

"बाबा," मी म्हणाले, "त्या लोहाराले घाई मीच केली होती."

 यमुनाबाईनं पाटावरचा कोळसा झाडला आणि मला बसायला जागा केली.

"बस मंग," बाबा म्हणाला. "आता रंग तूच पाह्य अन् तूच सांग."

"मले काय समजते त्यातलं?"

"गव्हाची काडी पाह्यली? वांगं पाह्यलं? नुसत्या सुरीले काडीचा रंग बस होते. इच्यावर ठोके पडतीन. काडीच्या पुढं जाऊ दे, वांग्याच्या आधी थांबव. निया झाला तं नरम पडन, मंग पह्यल्यापासून."

पाठ ठोकळ्यावर टेकली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग पाठीकडून पिवळा उमटला, त्याच्यामागं जांभळा, त्याच्यामागं निळा, एकामागे एक धारेकडे सरकायला लागले. चुलीवरचं दूध पाहावं तसं मी पाहत होते, फक्त दूध उतू गेलं तर डोळा जात नाही. धार काडीच्या रंगाची झाली. ओठावर शब्द आला, तो दाबला. रंग भाजक्या शेंगदाण्यासारखा झाला. त्यात जांभळ्याचा भास झाला की काय, असं वाटलं आणि मी ओरडले, "बस!"

बाबानं पातं उचलून तेलात घातलं.

"बरोबर झालं का?"

"ठोकल्यावर समजन," तो म्हणाला. असा माणूस. खोटं तरी बोलायचं.

कानस ओढली तर या वेळी घसरली नाही, जराशी चावली. तुम्ही घ्याल तेव्हा हेच पाहा. साफ घसरली तर ठेवून द्या, खूप खाल्लं तरी ठेवून द्या. धावड्याच्या लाकडाची मूठ बसवून आठ रुपये सांगितले, सात घेतले. गाडी अर्थातच गेली होती. यमुनाबाईनं पिठलं-भाकर घातली, ओसरीवर झोपवलं. सकाळी संग्रामपूरपर्यंत सोबत आली. रस्त्यात तिला विचारलं, अस्वल येतं का हो इकडं? म्हणाली, येते ना. वर काही नाही.

येताना घाटात डोळे उघडे होते. मांडीवर ते फडकं होतं, त्याच्याचकडे पाहत होते. गंज लागू नये म्हणून तेल पुसलं नव्हतं, तुम्हीही पुसू नका. हे पोलाद एका दिवसात गंजतं.

घरी आले तर हे अंगणात, तिफणीचं दिंड, फण बसतात ते आडवं लाकूड, पुढ्यात घेऊन बसलेले.

"आली काय व? पाहू."

हातात घेतली, अंगठा फिरवला, तोलली. चांगलं हत्यार हातात आलं की सुताराचं बोट कसं चालतं ते मला माहीत आहे. थापी उचलली.

मी पटाशी ओढून घेतली.

"पह्यला ठोका मी मारते."

"येडी झाली का? बाईनं..."

"माह्ये दोन हायेत," मी म्हणाले. "तुमचा एकच हाय. अन् मागच्या लोहाराचं पाप नोका काढू. त्याले घाई मी केली होती. तो थांब म्हनत होता."

ह्यांनी थापी मुठीत आवळली. मला वाटलं आता थापी माझ्याच डोक्यात येते. मग त्यांनी बाभळीचा एक ठोकळा ओढला, गाठ वर केली, आणि थापी माझ्या हातात दिली.

मला ते उरकून टाकायचं होतं. थापी उगारली.

"दम," हे म्हणाले. "अंगठा खाली घे. घाई करू नोको."

अंगठा खाली घेतला. त्यांना म्हटलं, तोंड तिकडं करा. त्यांनी केलं. मी डोळे मिटले नाहीत. ठोका मारला. पटाशी गाठीत बोटभर घुसली आणि उभी राहिली. धारेला काही नाही. दुसरा मारला, तिसरा मारला. मग त्यांनी तोंड वळवलं आणि माझ्या हातातून काढून घेतली.

पेरणी झाली, तिफणी गेल्या. पटाशी टिकून आहे. सात रुपये वसूल. माझं भ्या मात्र गेलं नाही, ते जाईल असं सांगून तुम्हाला फसवत नाही. मी चुलीपुढं असते, अंगणात ठोके चालू असतात तोवर हात चालतात. ठोके थांबले की हात थांबतात. उठून दारात जाऊन उभी राहते. हे वळूनही पाहत नाहीत.

"हाय व, डोया जागेवर हाय," म्हणतात. "भाकर पाह्य, करपली."