आबांच्या वतीने

आबांचं ऑपरेशन झालं आणि गावाला वाटलं, माणूस बहिरा झाला.

भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच बोंब मारायचा, "आबाऽऽ, बरं वाटस का?" अहो, त्यांचे कान शाबूत आहेत! गेलंय ते स्वरयंत्र. हे मी इतक्यांदा सांगितलं की माझाच घसा दुखायला लागला.

माझे वडील धुळे-भुसावळ गाडीवर कंडक्टर होते. पारोळा, एरंडोल, नशिराबाद अशी पुकारायचे की झोपलेला प्रवासी दचकून पिशवी शोधायचा. निवृत्तीनंतर गावच्या बुद्धविहारात वंदना तेच सांगायचे; ते पुढे म्हणायचे, बाकीचे मागून. मग आवाज घोगरा झाला. "आवाज बसी गया, दुसरं काय," असं म्हणत सगळ्या गावाने औषधं सुचवली. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. पाच महिने! आणि मीही, चांगला शिकलेला मुलगा, "उन्हाळा आहे, होईल बरा" म्हणत बसलो. त्या पाच महिन्यांचा राग अजून जात नाही, आणि तो आधी माझाच येतो.

जळगावच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. छातीतली हवा वर येते, गळ्यातल्या दोन पडद्यांमधून जाताना ते थरथरतात. त्याचा होतो नुसता गुणगुणाट. त्याचे शब्द करतात ते जीभ, टाळू आणि ओठ. आबांचे पडदे गाठीसकट काढावे लागले. आता श्वास मानेच्या छिद्रातून. जीभ होती, ओठ होते, सांगायचं तर पोतंभर होतं; फक्त तोंडापर्यंत हवाच पोचत नव्हती.

पुढे श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये एक छोटी झडप बसवली. श्वास घ्यायचा, छिद्र अंगठ्याने दाबायचं, की सोडलेली हवा अन्ननलिकेत वळते आणि तिथली भिंत थरथरते; तोच नवा आवाज. आबा रोज खोलीचं दार लावून सराव करायचे. बाहेर फुसफुस आणि खोकला ऐकू यायचा. शब्द मी एकही ऐकला नव्हता.

एव्हाना लोकांनी ओरडणं सोडलं होतं आणि दुसराच ताप सुरू केला होता. आबा समोर बसलेले, आणि विचारायचं मला. "आबा जेवतस का?" "आबाले चहा चालस का?" जणू आबा म्हणजे कोपऱ्यातलं कपाट! माझं डोकं फिरायचं. तरी मी उत्तर देऊन मोकळा व्हायचो. कोण वाद घालत बसणार?

बुद्ध पौर्णिमेला आठवडा असताना विहाराचे अध्यक्ष आले. आबांच्या शेजारी बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, यंदा वंदना कोन सांगी?"

मी लगेच म्हणालो, "दुसरं कोनी देखा. आबाले आते जमाव नई."

आबांचा अंगठा मानेवर गेला, दुसऱ्या हाताने त्यांनी आपल्या बसल्या जागेवर थाप मारली. जाडाभरडा, खरखरीत, शेवटाला हवा संपत आलेला आवाज निघाला. ऑपरेशननंतर मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य, आणि ते मला उद्देशून होतं.

"मी आठेच बठेल शे. माले इचार."