साडूंबरोबर श्रीवर्धनला

माझ्या साडूंनी आखलेली सहल आणि कोर्टात गेलेली जमीन, या दोन्हींचं माणसाच्या हयातीत काही होत नाही, हे मी पूर्ण विचारांती आणि चांगल्याच रागात लिहितो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे धाराशिवकडचे, पण अर्धं आयुष्य काळेवाडीत काढलेले आणि चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेले. बंद पडलेलं मशिन चालू करणं हा त्यांचा धंदा आणि चालू असलेल्या माणसाला बंद पाडणं हा स्वभाव. अंगापिंडानं बेताचेच, पण यंत्रांच्या खडखडाटात ओरडून ओरडून आवाज असा तयार झालेला की पंगतीत त्यांनी मीठ मागितलं तरी कामगारांची सभा सुरू झाल्यासारखं वाटतं. त्यातून त्यांना प्रत्येक गोष्टीला हरकत असते. लग्नात अक्षता उशिरा पडल्या की हरकत, लवकर पडल्या की "एवढी घाई कशाची होती" म्हणून हरकत. आमच्या वास्तुशांतीला आले तेव्हा गुरुजी होमात तूप सोडत होते आणि हे मागे उभे राहून, धूर जायला वाट ठेवली नाही म्हणून बिल्डरला शिव्या देत होते.

आता मुद्द्याचं. ताईंनी, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतींनी, समुद्र पाहिला नव्हता. मुलं मोठी झाली, मुलीचं लग्न झालं, तरी नाही. एकदा आमच्याकडे जेवताना त्या सहज म्हणाल्या, "एकदा समुद्र बघायचाय बाई. लांबून नगं, पाय भिजतील असा." मी ताथवड्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो. तिथल्या एकानं नुकतंच श्रीवर्धनचं फार वर्णन केलं होतं. लहानसं गाव, सुपारीच्या वाड्या, वाड्यांमधून जाणाऱ्या बोळकंड्या आणि बोळ संपला की एकदम समुद्र. मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "मग या वीकएंडला श्रीवर्धनला जाऊ." ही माझी चूक. साडूंनी भाकरी खाली ठेवली. "वीकएंड म्हंजे?" मी म्हणालो, शनिवार-रविवार. "काय बोलूलालाव तुमी? आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. माझा आठवडा बुधवारी संपतो. शनिवार-रविवारला वीकएंड म्हणायचं कुणी ठरवलं? आन् ठरवताना चाकणला कुणाला इचारलं व्हतं का?" यावर पुढचा तासभर ते एकटे बोलत होते. शेवटी गुरुवार-शुक्रवारी जायचं, त्यांनी एक आणि मी दोन रजा टाकायच्या असं ठरलं, आणि आखणीचा ताबा साडूंनी घेतला.

आखणी म्हणजे काय, हे तोवर मला माहीत नव्हतं. मी आपला समजत होतो की एक गाडी आणि राहायला एक खोली झाली की सहल झाली. साडूंनी काळेवाडीच्या आपल्या बैठकीच्या खोलीत मीटिंगा घ्यायला सुरुवात केली. घाटात टायर पंक्चर झालं तर जॅक कुणी काढायचा, गाडीमागे दगड कुणी लावायचा, त्या वेळी बायकांनी कुठे उभं राहायचं. माझ्याकडे दगड आला होता. एका गुरुवारी तर त्यांनी ट्रायल घेतली. पिशव्या भरायला लावल्या, आम्हा चौघांना गाडीत बसवलं आणि वजन पडल्यावर मागच्या चाकातून आवाज येतो का ते ऐकायला डांगे चौकापर्यंत गाडी नेऊन परत आणली. शेजारपाजारच्या बायका निरोप द्यायला दारात आल्या होत्या. आम्ही जरा वेळानं परत आलेलो पाहून एकीनं ताईंना विचारलं, "इतक्यात बघून आलात?" ताई हसल्या. मला हसू आलं नाही. मी मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन बसलो होतो.

तरी हे सोसवलं असतं. खरा कहर फोनवर झाला. श्रीवर्धनला घरगुती राहण्याची सोय करणारी बरीच मंडळी आहेत. साडू त्यांना फोन लावत, स्पीकर चालू ठेवत आणि आम्हाला ऐकायला बसवत.

"खोलीतनं समुद्र दिसतो का?"

पलीकडचे काका मृदू आवाजात म्हणाले, "दिसतो ना. गच्चीवरून छान दिसतो."

"मी खोलीचं इचारलं."

"खोलीत आवाज येतो हो. झोप कशी लागते बघा."

"आवाज आमच्या कंपनीतबी येतो. आमी येऊ तवा पाणी कुठं असंल?"

"पाणी? समुद्रात असेल की."

"भरती का ओहोटी त्ये सांगा. दुपारच्याला किती मागं गेल्यालं असंल? बाईमाणसाला किती चालावं लागंल?"

काका म्हणाले, "अहो, ते काय माझ्या हातात आहे होय? तुम्ही या तर खरे. समुद्र काय मी उचलून दारात आणून ठेवू?"

साडूंनी फोन बंद केला आणि विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. "माल दावायच्या आधीच हात वर करतोय. ह्याच्याकडं न्हाई राहायचं." असं करत करत गावातल्या निम्म्या घरांशी त्यांचं बिनसलं. कंटाळून मी एकदा माझ्या फोनवरून परस्पर एका ठिकाणी चौकशी केली, तर त्या बाईंनी आधी विचारलं, "तुमच्याबरोबर ते चाकणचे गृहस्थ नाहीत ना?" मी नाही म्हणून सांगितलं आणि खोली ठरवली.

शेवटी एका गुरुवारी खरोखरच निघालो. ताईंनी धपाटे केले होते, शेंगाची चटणी घेतली होती आणि वाळूत चालायला म्हणून नव्या चपला घातल्या होत्या. मुळशीचं पाणी मागे पडलं, ताम्हिणी घाट लागला, झाडी दाट झाली, आणि आता हे जमतंय असं मला वाटू लागलं. तेवढ्यात पुढच्या गाडीच्या खिडकीतून एक रिकामी बाटली बाहेर आली आणि रस्त्यावर उड्या मारत आमच्या चाकाखाली गेली. साडूंनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चेपलेली बाटली उचलली आणि त्या गाडीचा पाठलाग सुरू केला. एरवी घाटात हॉर्न वाजवल्याशिवाय वळण न घेणारा हा माणूस त्या दिवशी काय सुटला होता. एका चहाच्या टपरीपाशी ती गाडी सापडली. कॉलेजची पोरं होती. साडूंनी त्यांच्यापुढे बाटली धरली. "तुमची वस्तू ऱ्हायली." पोरं बिचारी चांगल्या घरची निघाली. त्यांनी माफी मागितली, बाटली घेतली, वर "काका, चहा घ्या" म्हणाली. इथे दुसरा कुणी असता तर समाधान पावला असता. साडूंचा मात्र भांडणाला उभा केलेला सगळा दारूगोळा तसाच राहिला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. टपरीच्या मागे, कठड्याखाली, झाडीत, लोकांनी टाकलेल्या बाटल्या, पुड्या, कागदी ताटल्या पसरल्या होत्या. डिकीत ते कायम रिकामी पोती ठेवतात. ती त्यांनी बाहेर काढली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण अजूनही मला ते आठवलं की डोकं तापतं. आम्ही चौघांनी दुपार टळेपर्यंत परक्यांचा कचरा गोळा केला. मग साडूंनी घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं की आता पोचायला अंधार होईल, अंधारात अनोळखी रस्त्यावर गाडी घालायची नाही असं मीटिंगमध्ये ठरलेलं आहे, तेव्हा परत. मी ओरडलो, बायको रडकुंडीला आली, मी ठरवलेल्या खोलीचं काय असं विचारलं तेव्हा परस्पर खोली ठरवल्याबद्दल माझीच झाडाझडती झाली. डिकीत जागा नव्हती म्हणून एक पोतं ताईंच्या पायाशी ठेवलं होतं. त्यावर पाय टेकणार नाहीत अशा बेतानं त्या काळेवाडीपर्यंत बसून आल्या. धपाटे आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात खाल्ले. त्यानंतर ताईंनी समुद्राचं नाव काढलं नाही. मी साडूंशी बोलणं टाकलं. म्हणजे ते बोलत, मी हुं म्हणत असे.

आणि मग एक दिवस ताई निघाल्या. त्यांच्या भिशीच्या बायकांनी मिनीबस ठरवली होती. जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आमी शनिवारी श्रीवर्धनला चाललाव." साडूंनी विचारलं, "आखणी कुणी केली?" ताई म्हणाल्या, "कुणीच न्हाई केली. बसायचं आन् जायचं."

त्या शनिवारी साडू पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यांतच, आमच्या घरी आले. घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला असावा. गॅलरीत बसले आणि सुरू झाले. स्टेपनीत हवा आहे का कुणी पाहिलं नाही. ड्रायव्हर घाटातला आहे का सपाटीवरचा, माहीत नाही. बायका गाणी म्हणतात आणि ड्रायव्हरचं लक्ष जातं. सकाळपासून त्यांनी इतके फोन केले होते की ताईंनी फोन बंद करून ठेवला होता, आणि त्याचाही त्यांना संताप होता. मी ऐकून घेतलं, घेतलं, आणि मग माझा बांध फुटला. म्हणालो, "साडू, खरं सांगू का, तुम्हाला ताईंना समुद्र दाखवायचाच नव्हता. तुम्हाला भांडायला निमित्त हवं होतं. बाई म्हातारी व्हायला आली, पाय भिजवायचे म्हणत होती, तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही."

मला वाटलं, आता आमच्या मजल्यावरचे सगळे दरवाजे उघडणार. पण साडूंनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि गॅलरीच्या गजांकडे पाहत सांगायला लागले, तेही माझ्या ओळखीच्या नसलेल्या आवाजात.

"लगीन झाल्यावर तिला म्हणलं, चल, तुला आमच्या गावचं तळं दाखवतो. लई कौतुक सांगितलं व्हतं. एवढं पाणी, तेवढं पाणी. सायकलवर डबलशीट घिऊन गेलो. ती नवी साडी नेसली व्हती. जाऊन बघतो तर तळं कोरडं ठाक. भेगा पडल्याल्या. गुरं चरत व्हती तळात. मी गावातच ऱ्हातो आन् मला ठावं नसावं? कामाच्या नादात महिना-दोन महिने तिकडं गेलोच नव्हतो. ती हसली. म्हणली, ऱ्हाऊ द्या, वारा बरा हाय." मग म्हणाले, "तवापासनं तिला कुठं न्यायचं म्हणलं की समदं बघून, इचारून न्यावं वाटतं. समुद्र काय आटत न्हाई, त्ये कळतंय मला. पर ती पोचायची आन् पाणी मागं गेल्यालं असायचं."

चहा गार झाला होता म्हणून बायकोनं दुसरा आणला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताईच होत्या, व्हिडिओवर. मागून बायकांचा कालवा आणि वारा. पदर खोचलेला, साडी गुडघ्यापर्यंत ओली, आणि चेहरा असा की मी एवढ्या वर्षांत तो पाहिला नव्हता. "अहो, बघा," म्हणून त्यांनी फोन फिरवला. पडद्यावर थोडं आकाश, कुणाचं तरी डोकं आणि मग सगळं पाणीच पाणी.

"फोन आडवा धर," साडू म्हणाले. "आडवा. हां." मग बराच वेळ बघत राहिले. "पाणी हाय की गं."

"हाय तर. लई हाय."

"बरं. लई आत जाऊ नको."

रेंज गेली. साडूंनी चष्मा काढून कंपनीच्या शर्टाला पुसला, पुन्हा पुसला, आणि गाडीची किल्ली घेऊन घरी गेले.

पुढच्या महिन्यात एका बुधवारी त्यांचा फोन आला. "उद्या आन् परवा रजा टाका. श्रीवर्धनला जायचंय." मी विचारलं, राहायचं कुठे, खाण्याचं काय, निघायचं कधी. "हिला ठावं हाय," म्हणाले. ट्रायल नाही, मीटिंग नाही. वाटेत मी धास्तावून बसलो होतो की आता कुठे भडका उडतो. टपरीवर चहा पाणचट मिळाला, तो ते मुकाट प्याले. खोलीतून समुद्र दिसत नव्हता. त्यांनी खिडकी उघडून सुपारीच्या झाडांकडे पाहिलं आणि "सावली बरी हाय" एवढंच म्हणाले. मी बायकोला हळूच विचारलं, यांना बरं नाही का?

संध्याकाळी ताई पुढे आणि आम्ही मागे असे बोळातून निघालो. सोलकढी कुठली चांगली, बसायला कुठे बरं, हे सगळं ताईच सांगत होत्या. किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी चपला काढल्या. साडूंनी आपले बूट काढले, पँट दुमडली आणि एका हातात बूट, दुसऱ्या हातात बायकोच्या चपला घेऊन तिच्या मागे पाण्यात गेले. पहिली लाट पायाला लागली तेव्हा दचकून मागे सरले. मग तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. चपला काही त्यांनी खाली ठेवल्या नाहीत.

सूर्य बुडाल्यावर आम्ही ओल्या वाळूच्या कडेला बसलो. गर्दी पांगली होती. कितीतरी वेळानं साडूंनी मला विचारलं, "हे असंच चालू असतं व्हय? बंद न्हाईच होत कधी?"

मी म्हणालो, "नाही."

"रातच्यालाबी? बघायला कुणी नसलं तरी?"

"हो."

पुढच्या दिवाळीनंतर ते कंपनीतून निवृत्त होणार आहेत, हे मला ठाऊक होतं. त्याविषयी ते कधी बोलत नाहीत. ताईंनी वाळूतला हात झटकला आणि म्हणाल्या, "आपण नव्हताव तवाबी चालूच व्हतं की."

मी वाट पाहिली. एरवी अशा बोलण्यावर निदान तासभराची हरकत निघाली असती. साडूंनी नुसती मान हलवली, गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि अंधारात पाण्याकडे बघत राहिले. तिथे त्यांच्याशेजारी बसल्या बसल्या मला उगाचच वाटून गेलं की, या माणसानं आता कशावर तरी चांगलं भडकावं, अगदी माझ्यावर भडकला तरी चालेल.