मिठाच्या शेडचा चौथा खांब

भाईंदर स्टेशन म्हटलं की लोकांना सरकते जिने आठवतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून एक खड्डा येतो. हातभर खोल, नुकताच उकरलेला, तळाशी हळद आणि तांदूळ. मी तेव्हा तिथल्या रेल्वे पोलीस चौकीचा प्रमुख होतो.

स्टेशनमागे मिठाची जुनी शेड होती. आजूबाजूच्या मिठागरांतलं मीठ एके काळी तिथून मालगाडीत चढायचं. काळ्या दगडाचा ओटा, बरोबर डब्याच्या दाराइतक्या उंचीचा. वर मंगलोरी कौलं, खाली चार सागवानी खांब. सबंध लाकूडकामात लोखंडी खिळा एक नाही, सगळ्या लाकडाच्याच खुंट्या. मीठ लोखंड खातं, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. नव्या इमारतीसाठी शेड पाडायला घेतली होती. अर्धी कौलं उतरली होती आणि त्या उघड्या बाजूचा खांब गायब होता.

मी पंचनाम्याला गेलो ती दुपारची वेळ. उरलेल्या कौलांतून ऊन झिरपत होतं, पांढरी धूळ त्यात तरंगत होती. लिहायचं सोडून मी ओट्यावर नुसता बसून राहिलो. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया समोरून चालल्या आहेत, त्यांच्या पायांखाली मीठ करकरतंय, असं खरंच वाटायला लागलं. शेवटी हवालदार खाकरला. "साहेब, लिहायचं ना?"

लिहिलं. हळद-तांदूळ बघून मी छातीठोकपणे म्हणालो, चोरांचा टोटका आहे. त्या नादात भंगारवाल्यांना झोडपण्यात अख्खा दिवस घालवला. शहाणपण कुठे शेण खाईल, सांगता येत नाही.

खबर दिली ती पुलाच्या पायथ्याशी बसणाऱ्या, उत्तनहून येणाऱ्या मासेवालीने. "खांब त्या दिशी सकालीच हातगाडीवरशी गेला, साहेब. वॉचमननं गेट उघडलान. मी खोटं बोलत न्हाय."

वॉचमन रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, सरळ माणूस. शेड पाडणाऱ्या ठेकेदाराने दिलेल्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे त्याला आणि मलाही माहीत होतं. ठेकेदार तर चौकीत येऊन थयथयाट करत होता. "साहेब, आदमी मिला हुआ है. आत टाका त्याला!"

मी वॉचमनला सकाळी चौकीत बोलवायचो, संध्याकाळी घरी सोडायचो. समजावलं, दरडावलं, नोकरीची भीती घातली. तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ! चहा दिला की प्यायचा आणि पुन्हा पायाच्या बोटांकडे बघत बसायचा. माझा राग मस्तकात गेला होता. मधूनच तो हवालदाराला विचारायचा, "किती वाजले हो?" मला वाटायचं, सुटायची घाई झालीये.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने तोच प्रश्न विचारला. तीन वाजून गेल्याचं कळल्यावर त्याने भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

"साहेब, आता विचारा."

जेसल पार्कजवळ एका जुन्या आगरी कुटुंबाचं घर आहे, चारी बाजूंनी टॉवर उठलेले. त्यांचं मिठागर होतं. घरात लग्न निघालं की पहिली हळद या खांबाला लावायची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. नातीच्या लग्नाची हळद घेऊन म्हातारा पहाटे आला, तर शेड पाडायला घेतलेली. तो खांबाला मिठी मारून रडला. म्हणाला, माझ्या आज्याने उभा केलाय, नातीच्या मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, म्हणून एकदाच नेऊ दे. उपटलेल्या जागी हळद-तांदूळ त्यानेच वाहिले.

"मी म्हटलं, न्या बाबा. मेढ एकदा रोवली की मांडव उतरेपर्यंत हलवायची नसते, साहेब. पोरीचं लग्न होतं. आज तीनच्या आत मांडव उतरला असणार."

त्याचा जबाब लिहून होतोय तोच बाहेर टेम्पो थांबला. म्हातारा स्वतः खांब घेऊन आला होता. वॉचमनला तिथे बसलेला बघून त्याने दारातूनच हात जोडले. "अरे देवा! चोरी माजी हाय, साहेब. याला कशाला बसवलाव?"

"दिला मी," वॉचमन शांतपणे म्हणाला.

कागदपत्रं कोर्टात गेली. म्हाताऱ्याला समज देऊन सोडलं. वॉचमनची नोकरी मात्र गेली. मी ठेकेदारापुढे शब्द टाकून पाहिला, त्याने ऐकलं नाही. म्हाताऱ्याने आपल्या चाळीतली एक खोली वॉचमनला दिली, दारावर राखणीचं कामही दिलं. तरी मला चैन पडेना. सामान हलवायच्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो गाठोडं बांधत होता.

माणूस गप्प बसला की तो काहीतरी लपवतोय, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो. तो कुणाला तरी पाठीशी घालत असेल, हे मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, मला तरी कानात सांगायचंस. मी काय भर मांडवातून मेढ उपटली असती?"

त्याने गाठ घट्ट आवळली आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"उपटली असतीत, साहेब."

मी ते गाठोडं उचललं. मी खरंच उपटली असती.