वाळू खाणारी फटफटी

“फट दिसत नाय म्हणून ती नाय, असं समजू नको.”

वेसाव्याचा अनंता हे वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणायचा. होडीबद्दल म्हणायचा, बर्फवाल्याबद्दल म्हणायचा, देवळाच्या पंचांबद्दल म्हणायचा, आणि पोरीला मागणी आली तेव्हा त्या स्थळाबद्दलही हेच म्हणाला. हे बोलणं मुळात त्याच्या बापाचं. बाप होड्यांचे सांधे भरायचा. फळ्यांच्या मधे कापूस ठासायचा आणि वरून लुकण ओढायचा. राळ कुटून माशाच्या तेलात शिजवली की ते लुकण तयार होतं. समुद्र आत येताना आवाज करत नाही, होडी जड झाली की मगच कळतो. अनंता वाढला तो बापामागं फिरत, बोटांनी सांधे चाचपत. पुढं त्याची नजरच तशी झाली. समोरचा माणूस हसला तर अनंता हसू बघत नसे, दातांमधली फट बघे.

कंबरेनं दगा दिला तेव्हा त्यानं समुद्र सोडला आणि एक जुनी फटफटी घेतली. सकाळी होड्या लागल्या की निवडक पापलेट आणि कोळंबी बर्फात घालायची, पेटी मागं बांधायची आणि जुहूच्या हॉटेलांना नेऊन द्यायची. मासळी विकणं हे बायकांचं काम, त्याची बायको पार्वती अंधेरीच्या बाजारात बसायचीच. पण हॉटेलांचं हे काम अनंताचं स्वतःचं होतं, आणि समुद्र सुटलेल्या माणसाला स्वतःचं म्हणावं असं काहीतरी लागतंच. पहाटवाऱ्यात तो किनाऱ्याच्या रस्त्यानं निघाला की पेटीतून बर्फाचं पाणी ठिबकत राही आणि रस्त्यावर त्याच्या मागं एक ओली रेघ उमटत जाई.

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात फटफटीची ताकद गेली. धूर ओकू लागली, चढावर रडू लागली. चार बंगल्याच्या नाक्यावरच्या मेस्त्रीनं ती उघडली, कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं आणि बोट अनंतापुढं धरलं. बोटावर बारीक वाळू होती. मेस्त्रीनं समजावून सांगितलं, की इंजिन श्वास घेतं तो एअर फिल्टरमधून. फिल्टरच्या डब्याचं झाकण वाकडं झालंय, ते नीट बसत नाही. हवा फिल्टरमधून जायच्या ऐवजी बाजूच्या फटीतून जाते आणि जाताना किनाऱ्याची वाळू घेऊन जाते. असंच चाललं तर इंजिन आतून घासून संपेल. तसला डबा आता बाजारात मिळत नव्हता. आणि फटफटीच्या बाजूचं पत्र्याचं आवरण आधीच्या मालकानंच कुठंतरी हरवलेलं, त्यामुळं सगळं उघड्यावर.

घरी हे कळलं तेव्हा चंदर पुढं झाला. चंदर मढचा, अंधेरीच्या एमआयडीसीत फिटर. अनंताच्या कमळशी त्याचं लग्न ठरलं होतं. साडी-नारळ झाला होता आणि वैशाखातली तारीख धरली होती. सकाळची पाळी करून दुपारी कारखान्यातून सुटला की तो वेसाव्याच्या धक्क्यावर येई आणि तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, मढला जाई, तेव्हा वाटेत सासऱ्याच्या दारावरून जाणं त्याला रोजचंच होतं. त्यानं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक जाड पट्टी आणली, झाकणाच्या कडेला सगळीकडून चिकटवली, तिच्यावर ग्रीसचा हात फिरवला आणि झाकण आवळून बसवलं. फटफटीचा आवाज गोल झाला. कमळ दारात उभी राहून ऐकत होती. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण आवाज गोल झालेला तिलाही कळला.

चंदर तरीत बसून गेल्यावर अनंतानं झाकण उघडलं, ग्रीस फडक्यानं पुसून काढलं आणि नमद्यावर बापाचं लुकण भरलं. झाकण पुन्हा उघडता यावं म्हणून राळ कमी आणि तेल जास्त घातलं. ग्रीस काय, उन्हात वितळून जाईल. समुद्र ज्यानं अडवला त्यापुढं हवेची काय मिजास, असं त्याचं गणित होतं. पार्वतीनं विचारलं, पोरानं लावलेलं का पुसता? तर त्यानं आपलं नेहमीचं वाक्य तिच्या तोंडावर टाकलं.

थोड्याच दिवसांत फटफटी पुन्हा धूर ओकू लागली.

अनंतानं वाकून पाहिलं. पट्टी खालच्या बाजूनं फाटली होती. झिजली नव्हती, फाटली होती. धागे उपटून काढल्यासारखे लोंबत होते. त्यानं ती जागा नव्या नमद्यानं भरली आणि लुकण पहिल्यापेक्षा जाड लावलं. पुन्हा तेच झालं. मग त्यानं आणखी जाड लावलं, तर पट्टी आणखी लवकर फाटली.

आता त्याच्या मनात एक एक सांधा जुळू लागला. चंदरचा थोरला भाऊ लवू टेंपोतून मालाडकडच्या हॉटेलांना मासळी पुरवायचा, हे त्याला माहीत होतं. साडी-नारळाच्या दिवशी लवूनं हसत हसत विचारलं होतं, की जुहूला रोज किती माल लागतो? तेव्हा तो प्रश्न सोयरेपणाचा वाटला होता. फटफटी बंद पडली तर हॉटेलवाले आठवडाभर तरी थांबतील का? आणि थांबले नाहीत तर कोणाचा टेंपो दारात उभा राहील? झाकण कसं बसवलंय, पट्टी कुठं कच्ची आहे, हे माहीत असलेला माणूस एकच. तो रोज दुपारी दारावरून जातो, त्या वेळी घरात कोणी जागं नसतं.

हे तो कोणाशी बोलला नाही, पण घराला ते कळलं. चंदर चहाला बसला की अनंता त्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायचा. एकदा नखांत काळं दिसलं तर त्यानं विचारलं, हे कशाचं? चंदर म्हणाला, मशीनचं. अनंतानं मान हलवली ती पटल्यासारखी नव्हे, लक्षात ठेवल्यासारखी. रात्री जेवताना त्यानं पार्वतीला सांगितलं, की साडी आणि नारळ परत पाठवायची वेळ येईल. कमळनं ते ऐकलं. तिनं पुढ्यातलं ताट सरकवलं, आणि त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं सोडलं.

परत पाठवायचं तर पुरावा हवा, आणि पुराव्याला साक्षीदार हवा. अनंतानं गल्लीतल्या सुंदराबायला गाठलं. सुंदराबाय म्हातारी, तोंडाची फटकळ. जमातीच्या बैठकीत ती बोलली की पुढं कोणी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी अनंता गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, आज बसनं अंधेरीला जातो, फटफटी राहू दे. नाक्यापर्यंत गेला आणि मागच्या वाटेनं परत आला. अंगणापलीकडं बोंबील वाळत घातले होते. काठ्यांवर टांगलेल्या त्या माशांच्या पडद्याआड तो आणि सुंदराबाय दबून बसले. ऊन माशांच्या पातळ अंगांतून गळत होतं आणि जमिनीवर त्यांच्या सावल्या वाऱ्यानं हलत होत्या.

सुंदराबाय पहिल्यांदा कुरकुरली, मग पेंगली. अनंतानं डोळा हलवला नाही.

चंदर आला. त्यानं घराच्या बंद दाराकडं पाहिलं, गल्लीत मागं-पुढं पाहिलं आणि फटफटीपाशी उकिडवा बसला. अनंतानं म्हातारीचं मनगट दाबलं. चंदरनं पट्टीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, खिशातून फडकं काढलं आणि पट्टी पुसू लागला.

अनंता बोंबलांच्या काठ्या बाजूला सारून असा निघाला की दोन-चार मासे जमिनीवर आले. चोरासारखा माझ्या वस्तूला हात का लावतोस, असं तो म्हणाला, आणि पुढं पुष्कळ म्हणाला. लवूचं नाव घेतलं, टेंपोचं घेतलं, जुहूच्या हॉटेलांचं घेतलं. शेवटी साडी-नारळाचं बोलला, तेव्हा गल्लीतली दारं उघडली होती आणि त्यातल्या एका दारात कमळ होती.

चंदर उठला. त्याच्या एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा होता.

“मामा,” तो म्हणाला, “मी लावलेलं ग्रीस कोण पुसतं, तेच मना बघायचं होतं. मना वाटलं, कोणीतरी तुमच्या वाईटावर आहे.”

त्यानं फडकं खाली टाकलं, डबा फटफटीच्या सीटवर ठेवला आणि धक्क्याकडं निघून गेला. त्यानं कमळकडंही पाहिलं नाही.

अनंता छाती फुगवून उभा होता. तेवढ्यात कुंपणावरून एक तपकिरी मांजर उतरली. जमिनीवर सांडलेल्या बोंबलांना तिनं नुसतं हुंगलं आणि सरळ त्या फडक्याकडं आली. फडकं पायाखाली धरून तिनं ते मनापासून चाटलं. मग फटफटीच्या पायटेकूवर पुढचे पंजे ठेवून ती उभी राहिली, मान तिरकी करून फिल्टरच्या डब्याखाली घातली आणि अजून पुसायची राहिलेली पट्टी दातांनी ओढू लागली. नमद्याचे धागे तटातट तुटत होते. कसलीच घाई नव्हती तिला. जागा रोजच्या सवयीची दिसत होती.

“घे,” सुंदराबाय म्हणाली, “हिला साडी-नारळ परत पाठव.”

कोणीतरी हसलं. अनंता मांजरीकडं बघतच राहिला. होड्यांना इतकी वर्षं लुकण लावलं, तिथं कधी कोणी दात लावला नाही, असं तो पुटपुटला.

“होडी पाण्यात असते रं. मांजर काय पोहत जाईल तिकडं? आणि वास तुला कुठनं येणार? तू, मी, ही गल्ली, सगळी एकाच तेलात शिजलोय. बाहेर कारखान्यात जातो त्यालाच आला.”

अनंता खाली बसला. त्यानं मांजरीला हातानं बाजूला केलं, तिला मारलं नाही. पट्टीचं उरलेलं लुकण नखांनी खरवडून काढलं आणि चंदरच्या डब्यातलं ग्रीस घेऊन बोटानं कडेकडेनं ओढलं, बाप ओढायचा तसं, एका दमात. झाकण बसवलं. मग हात पुसत उठला आणि पहिल्यांदा पोरीकडं पाहिलं. ती धक्क्याकडं बघत होती. बोलायचं त्यालाच होतं, आणि तिच्याशी नव्हतं.

मढच्या तरीची होडी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून त्याला वेळ मिळाला. धक्क्यावर तो चंदरला काय म्हणाला ते त्या दोघांपैकी कोणीच कधी सांगितलं नाही. लग्न वैशाखात झालं, आणि हॉटेलांची मासळी पुढंही अनंताच नेत राहिला. पण कमळला आज कोणी विचारलं तर ती लग्नाचं सांगत नाही, त्या दुपारचं सांगते. फटफटी अंगणात उभी होती, चावी तिला लावलेलीच होती, धक्का बराच लांब आणि बापाची कंबर दुखरी. तरी तो पायीच निघाला. चपलाही घातल्या नव्हत्या. सुंदराबाय बोंबील पुन्हा काठ्यांवर चढवत होती, तीही हात थांबवून बघू लागली. शेजारणी दारांतून बघत होत्या. मान वर न करता, तापलेल्या वाळूवरून अनंता चालत राहिला, आणि जाळ्यांच्या ढिगाआड तो दिसेनासा झाला तरी कमळ दारातच उभी होती.